आधी ताट, मग काढा!

हॉस्टेलवर राहणाऱ्या कुणालाही दोन विषय द्या, तो रात्रभर बोलू शकतो. पहिला सबमिशन आणि दुसरा मेस! मेसबद्दल तक्रारी तर सगळेच करतात, पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली आहे का? भांडं एक, आमटी एक, वाढणारा एक. तरीही तीच आमटी पिऊन एकाला ॲसिडिटी होते, दुसऱ्याला काहीच होत नाही आणि तिसरा आणखी दोन वाट्या मागतो. दही खाल्लं की माझ्या रूममेटचा घसा धरतो. समोरच्या रूममधली मुलगी मात्र मे महिन्यातली अख्खी परीक्षा दही-भातावर काढते. वर्कशॉपमध्ये एकाच मशीनवर एकच रॉ मटेरियल लावावं आणि प्रत्येक जॉब वेगळा निघावा, तसाच हा प्रकार!

आजीला विचारलं तर ती एका शब्दात उत्तर देईल : प्रकृती. ज्याची जशी प्रकृती, तसं त्याला सोसतं. पण कुणाला काय सोसतं आणि का, हे शोधण्यात सुमारे १३५० वर्षांपूर्वी चीनमधल्या एका वैद्याने आपलं उभं आयुष्य घालवलं. त्यांचं नाव सुन सिमियाओ. (सासू-सुनेतली सून नव्हे! चिनी लोक आडनाव आधी लावतात, तेव्हा सुन हे आडनाव.) चीनमध्ये लोक त्यांना औषधांचा राजा म्हणतात, त्यांची मंदिरं आहेत, तिथे आजही उदबत्त्या लागतात. आपल्याकडे मात्र हे नाव फारसं कुणाला माहीत नाही. म्हणून हा लेख. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे लिहिता लिहिता बोलीभाषा आणि इंग्रजी शब्द मध्येच डोकावणार. मराठी विभागाच्या संपादकांनी ते चालवून घेतलंय, तुम्हीही घ्यावं ही विनंती.

आजारी मुलगा, रिकामं घर

सुन सिमियाओ यांचा जन्म हुआयुआन या गावचा. आजच्या शानशी प्रांतातल्या तोंगच्वान शहराजवळचा हा भाग. त्या काळची राजधानी छांगआन, म्हणजे आजचं शिआन, तिथून फार लांब नव्हती. जन्मसाल मात्र वादाचं आहे. बहुतेक ठिकाणी इ.स. ५८१ दिलेलं असतं. पण जुन्या राजवंशाच्या इतिहासात म्हटलंय की दुगू शिन नावाच्या सेनापतीने लहानग्या सुनचं कौतुक केलं होतं, आणि हा सेनापती तर ५५७ सालीच वारला! म्हणून काही अभ्यासक ५४१ हे साल धरतात. मृत्यूचं साल ६८२. म्हणजे हिशेब कसाही करा, माणूस शंभरी पार करून गेला.

पण गंमत अशी की हा दीर्घायुषी माणूस लहानपणी सतत आजारी असायचा. थंडीवाऱ्याच्या आजाराने त्यांना धरलं ते सोडेचना. एक वैद्य झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. काढ्यांवर काढे झाले. आणि या औषधांपायी घरात जे काही होतं ते सगळं संपलं. ही गोष्ट त्यांनी पुढे आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत स्वतः लिहून ठेवली आहे.

मला वाटतं, त्यांच्या सगळ्या आयुष्याची चावी इथे आहे. आजारपणात माणसाचं शरीर जातं ते जातंच, पण मागे घरही जातं. हे आपल्याला काही नवीन नाही. एका ऑपरेशनसाठी शेत गहाण पडलेलं, बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे आयसीयूच्या बिलात गेलेले, अशा घरांतली मुलं आपल्या हॉस्टेलमध्येही आहेत. ती बोलत नाहीत, एवढंच. सुन यांच्या घरात हेच घडलं होतं, आणि त्याचं कारण आपण आहोत हे त्या मुलाला कळत होतं.

दुसरा कुणी असता तर वैद्य या जमातीलाच शिव्या देत बसला असता. सुन यांनी उलट केलं. ते स्वतःच वैद्यक शिकायला लागले. सातव्या वर्षी शिक्षण सुरू झालं तेव्हाच ते दिवसाला हजाराहून अधिक अक्षरं पाठ करायचे असं सांगतात. (आपल्याकडे असते तर व्हायवाला एक्स्टर्नलचीच विकेट काढली असती!) साधारण अठराव्या वर्षापासून त्यांनी वैद्यकात लक्ष घातलं. विसाव्या वर्षापर्यंत लाओझी आणि झुआंगझी यांचे ताओ विचारांचे ग्रंथ त्यांना अवगत झाले होते आणि बौद्ध ग्रंथांचीही गोडी लागली होती. मी आज वीस वर्षांची आहे, म्हणून हा आकडा वाचताना मी जरा थांबलेच!

आसपासच्या गावांतले आजारी लोक त्यांच्याकडे येऊ लागले. पुढे ते छिनलिंग पर्वतरांगेतल्या तायबाय पर्वतावर जाऊन राहिले. तिथे वनस्पती गोळा करायच्या, त्या कधी आणि कशा तोडायच्या, कशा वाळवायच्या याच्या नोंदी ठेवायच्या आणि येईल त्या रुग्णाला बघायचं, हा त्यांचा दिनक्रम.

तीन दरबार, एकच उत्तर

त्या काळात सरकारी नोकरी म्हणजे सर्वस्व. आपल्याकडे कॅम्पस इंटरव्ह्यूला जी गर्दी होते त्याच्या शंभरपट गर्दी तिथे दरबारी पदांसाठी असे. सुन यांच्याकडे मात्र ऑफर लेटर घरी चालत येत होती. जुना इतिहास सांगतो की पुढे सुई राजवंश स्थापन करणाऱ्या यांग ज्यानने बोलावलं, ते प्रकृतीचं कारण सांगून गेले नाहीत. मग तांग राजवंश आला. सम्राट ताइझोंगने त्यांना राजधानीत बोलावून घेतलं. एवढ्या वयाचा माणूस इतका तरुण कसा दिसतो याचंच त्याला नवल वाटलं. त्याने पदवी देऊ केली, सुन यांनी ती घेतली नाही. त्यानंतर सम्राट गाओझोंगने दरबारात सल्लागाराचं मोठं पद देऊ केलं, तेही नाकारलं. काही वर्षं ते राजधानीत राहिले, पण पद न घेता. ६७४ साली त्यांनी आजारपणाचं कारण देऊन घरी जायची परवानगी मागितली.

त्यांना नेमकं काय हवं होतं, हे त्यांच्या ग्रंथावरून कळतं.

हजार सोन्याच्या मोहरांहून मोलाचं

६५२ च्या सुमारास त्यांचा मुख्य ग्रंथ पूर्ण झाला. नाव छियानजिन याओफांग. छियानजिन म्हणजे हजार सुवर्ण. माणसाचा जीव हजार सुवर्णांहून मोलाचा आहे, आणि एका चांगल्या उपायाने तो वाचत असेल तर त्या उपायाचं मोलही तेवढंच, अशी या नावामागची कल्पना. ज्याच्या लहानपणी घरातलं होतं नव्हतं ते औषधात गेलं, त्याने आपल्या पुस्तकाला असं नाव द्यावं हे मला फार बोलकं वाटतं.

ग्रंथ तीस भागांचा आहे आणि त्यात सुमारे ५,३०० उपाय आहेत. त्या वेळेपर्यंत वैद्यकाचं ज्ञान इतक्या पोथ्यांत विखुरलेलं होतं की ऐन वेळी हवा तो उपाय सापडेपर्यंत रुग्ण दगावायचा. सुन यांनी ते सगळं एकत्र आणलं, गाळलं आणि आजारांप्रमाणे लावून ठेवलं. आपल्या भाषेत सांगायचं तर डेटाबेस बनवून इंडेक्सिंग केलं! क्रमही त्यांनी विचार करून लावला. वैद्यांसाठी सामान्य नियम सांगून झाल्यावर पहिली प्रकरणं स्त्रियांच्या आजारांची, त्यानंतर लहान मुलांची. बाई आणि मूल जगलं तरच घर पुढे जातं, हे त्यांचं साधं लॉजिक होतं. सातव्या शतकात!

सुरुवातीच्या भागात वैद्याने कसं वागावं यावर त्यांनी लिहिलं आहे. चिनी वैद्यकाचे विद्यार्थी ते आजही अभ्यासतात. रुग्ण श्रीमंत की गरीब, देखणा की कुरूप, मित्र की शत्रू, आपला की परदेशी, हे वैद्याने पाहायचं नाही. रात्र असो, थंडी असो, भूक-तहान असो, जायचं. रुग्णाच्या घरी गेल्यावर तिथल्या रेशमी पडद्यांकडे बघत बसायचं नाही. आणि एक बारीकशी गोष्ट, जी मला सगळ्यात आवडली. रुग्ण पैसेवाला आहे म्हणून त्याला मुद्दाम दुर्मिळ, महागडं औषध लिहून द्यायचं आणि आपली हुशारी मिरवायची, हे त्यांनी साफ नाकारलं आहे. लहानपणी घरी येऊन गेलेले वैद्य हे लिहिताना त्यांना आठवले असतील का?

सैन्य शेवटी काढायचं

आता मुख्य मुद्द्यावर येते. या ग्रंथाचा सव्विसावा भाग संपूर्ण खाण्यावर आहे. फळं, भाज्या, धान्यं आणि मांस अशी त्याची विभागणी. प्रत्येक पदार्थापुढे त्याची चव, तो उष्ण की थंड, तो विषारी आहे का, कशाला चांगला आणि कशाला वाईट, अशी नोंद. म्हणजे जवळजवळ डेटाशीटच! पण या भागाच्या सुरुवातीला त्यांनी जे तत्त्व मांडलंय ते त्या डेटाशीटपेक्षा महत्त्वाचं आहे.

त्यांचं म्हणणं असं. वैद्याने आधी आजाराचं मूळ शोधावं. मग तो अन्नाने बरा करायचा प्रयत्न करावा. अन्नाने जमलं नाही तरच औषधाला हात घालावा. कारण औषध हे सैन्यासारखं असतं, तापट आणि बेफाम. गावात लहानसं भांडण झालं म्हणून कुणी सैन्य उतरवत नाही. उतरवलंच तर चोराबरोबर गावकरीही तुडवले जातात. औषधाचंही तसंच. म्हणून जो अन्नाने आजार हटवू शकतो, तोच त्यांच्या मते खरा कुशल वैद्य.

विचार करा, हे लिहिणारा माणूस स्वतः ५,३०० उपायांचं पुस्तक लिहीत होता! आणि तोच सांगतोय की आधी ताट बघा.

खाण्याची आखणी कशी करायची याचं त्यांनी एक वेळापत्रक दिलंय. चिनी वैद्यकात पाच चवी आणि पाच अवयव यांच्या जोड्या आहेत. आंबट आणि यकृत, कडू आणि हृदय, गोड आणि प्लीहा, तिखट आणि फुफ्फुस, खारट आणि मूत्रपिंड. वसंतात यकृताचा जोर वाढतो आणि ते प्लीहेला दाबतं, असं हे शास्त्र मानतं. मग वसंतात ७२ दिवस आंबट कमी करायचं आणि प्लीहेला आधार म्हणून गोड वाढवायचं. उन्हाळ्यात ७२ दिवस कडू कमी, तिखट जास्त. शरदात तिखट कमी, आंबट जास्त. हिवाळ्यात खारट कमी, कडू जास्त. आणि प्रत्येक ऋतूच्या शेवटी उरलेले १८ दिवस गोड कमी, खारट जास्त. करा बेरीज : ७२ चोक २८८ आणि १८ चोक ७२, एकूण ३६०. वर्ष पूर्ण! कंट्रोल सिस्टिमचा पेपर दिलेल्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल. जो भाग आधीच वर चढलाय त्याला आणखी इनपुट द्यायचं नाही, उलट जो दबणार आहे त्याला सावरायचं. निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात तो आणखी काय असतो?

अर्थात सगळ्यांना एकच वेळापत्रक लागू, असं सुन यांनी मानलं नाही. दक्षिणेकडे हवा दमट आणि उष्ण, तिथल्या माणसांची त्वचा नाजूक, तेव्हा त्यांना औषध हलकं द्यावं. उत्तरेकडे जमीन कोरडी आणि कठीण, माणसंही दणकट, तिथे मात्रा वाढवावी, हे त्यांनी स्पष्ट लिहिलंय. म्हणजे आजार एकच असला तरी माणूस बघून उपाय बदलायचा.

शरीराचे प्रकार पाडायची कल्पना चीनमध्ये त्यांच्याही आधीची. हुआंगदी नेइजिंग या प्राचीन ग्रंथात माणसांचे २५ प्रकार सांगितले आहेत. आणि ही कल्पना आजही चालू आहे. बीजिंगच्या चिनी वैद्यक विद्यापीठातले प्राध्यापक वांग छी यांनी नऊ प्रकृती मांडल्या, आणि २००९ साली त्यांचं प्रमाणित वर्गीकरण चीनमध्ये प्रसिद्ध झालं. एक संतुलित प्रकृती आणि आठ बिघडलेल्या. ज्याचे हातपाय कायम गार, त्याला आलं, मटण असं उष्ण खायला सांगतात आणि फ्रीजमधलं टाळायला. ज्याचं तोंड सतत कोरडं आणि तळवे गरम, त्याला पेअरसारखी थंड, रसदार फळं. ज्याचं पोट सुटलंय आणि अंग जड वाटतं, त्याने गोड आणि तेलकट कमी करायचं. ज्याचा चेहरा तेलकट आणि पिंपल्सनी भरलेला, त्याने मिरची-तळण सोडून काकडी, मूग असं खायचं. हे मी विंगमध्ये वाचून दाखवलं तेव्हा दहा मिनिटांत प्रत्येकीने आपापली प्रकृती ठरवून टाकली आणि शेजारणीचीही! आपल्या वात-पित्त-कफाची आठवण येणं साहजिकच आहे. दोन्ही शास्त्रं सारखी नाहीत, पण प्रश्न तोच आहे.

आणि भारताशी सुन यांचा संबंध खरोखरच होता. त्यांच्याच हयातीत ह्युएन त्संग भारतात आला, महाराष्ट्रातूनही गेला आणि ६४५ साली छांगआनला परतला. शाळेच्या इतिहासात पुलकेशीबरोबर आपण त्याचं नाव पाठ केलंय ना, तोच. भारतातून बौद्ध ग्रंथांबरोबर वैद्यकाच्या कल्पनाही चीनमध्ये जात होत्या. सुन यांच्या ग्रंथात चार महाभूतांपासून होणाऱ्या ४०४ आजारांचा उल्लेख येतो. अठरा हालचालींचा एक व्यायाम येतो आणि ती ब्राह्मणांची पद्धत असल्याचं ते नोंदवतात. बुद्धाच्या काळचा वैद्य जीवक याचंही नाव येतं, जगात औषध नाही अशी एकही वस्तू नाही या त्याच्या विचारासकट. ज्ञान कुठून आलं याची त्यांना लाज नव्हती, उलट नोंद होती. आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये एवढा प्रामाणिकपणा आला तरी खूप झालं!

कुठे बरोबर, कुठे चूक

आता इंजिनिअरिंगचा विद्यार्थी विचारणारच की हे सगळं टेस्ट केलंय का? पाच चवी आणि पाच अवयवांचं गणित दिसायला सुंदर आहे, पण आजच्या शरीरशास्त्रात ते तसं बसत नाही. नऊ प्रकृतींचंही तेच. प्रश्नावली भरून प्रकार ठरवता येतो, पण त्यामुळे तो रक्त तपासणीइतका पक्का ठरत नाही. मग सुन यांचं मोठेपण कशात?

माझ्या मते, ते समोर दिसतंय त्याकडे बघत होते यात. डोंगराळ भागात गलगंड झालेल्यांना त्यांनी समुद्रातल्या वनस्पती आणि मेंढीच्या गळ्यातली ग्रंथी खायला सांगितली. समुद्री वनस्पतीत आयोडीन असतं आणि गलगंड त्याच्याच कमतरतेने होतो. पण आयोडीन हे मूलद्रव्यच मुळी १८११ साली सापडलं! रातांधळेपणावर त्यांनी प्राण्यांचं यकृत दिलं. यकृतात अ जीवनसत्त्व भरपूर असतं, हे कळायला विसावं शतक उजाडलं. पाय सुजवणाऱ्या आणि बधिर करणाऱ्या बेरीबेरीसारख्या आजारावर त्यांच्या ग्रंथात वेगळं प्रकरण आहे, आणि धान्याच्या सालीच्या पाण्यात शिजवलेली पेज हा उपाय त्यांच्या नावे सांगितला जातो. पॉलिश केलेला तांदूळ आणि बेरीबेरी यांचा संबंध डच डॉक्टर आइकमन यांना जावा बेटावर १८९० च्या दशकात कोंबड्यांमुळे लक्षात आला आणि त्यासाठी १९२९ साली त्यांना नोबेल मिळालं. सुन यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, प्रयोगशाळा नव्हती. कोण काय खातो आणि कुणाला काय होतं, एवढंच ते बघत होते.

मेकॅनिकलवाल्यांसाठी आणखी एक. लघवी अडलेल्या रुग्णासाठी त्यांच्या ग्रंथात एक उपाय आहे. पातीच्या कांद्याची पोकळ पात घ्यायची, तिचं टोक काढायचं, ती मूत्रमार्गात साधारण तीन चिनी इंच आत घालायची आणि हळूच फुंकायचं. म्हणजे कॅथेटरच की! मटेरियल सिलेक्शन बघा : लवचीक, गुळगुळीत, पोकळ आणि कुठल्याही परसात मिळणारं.

त्यांनी अपयशही लपवलं नाही. कुष्ठरोगाचे सहाशेहून अधिक रुग्ण त्यांनी हाताळले आणि त्यांतले साधारण दहातला एक बरा झाला, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. नव्वद टक्के अपयश स्वतःच्या पुस्तकात छापणारा माणूस मला खरा शास्त्रज्ञ वाटतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ते ताओ परंपरेतले किमयागारही होते. पारा, हिंगूळ, शिसं असली द्रव्यं वापरून दीर्घायुष्याच्या गोळ्या बनवण्यावरचा एक ग्रंथ त्यांच्या नावावर आहे. आज आपल्याला माहीत आहे की ही द्रव्यं विषारी आहेत. पण त्याच काळात पाच खनिजांची एक पूड श्रीमंत तरुणांमध्ये फॅशन म्हणून खाल्ली जात होती, ताकद आणि तेज येतं म्हणून. तिने माणसं मरताना सुन यांनी पाहिली होती. ही कृती कुठे दिसली तर जाळून टाका, जवळ ठेवू नका, असं त्यांनी बजावलंय. जिममध्ये कुणीतरी सांगितलं म्हणून लेबल न वाचता डबे रिकामे करणाऱ्या मित्रांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. आणि फक्त मित्रांनीच नाही. आमच्या विंगमधली एक मुलगी नुसत्या ग्रीन टीवर डाएटिंग करत होती, ती प्रॅक्टिकलच्या दिवशी लॅबमध्ये चक्कर येऊन पडली. शरीर आपलं, आणि फॅशन दुसऱ्याची, असं झालं की हेच होतं.

कवी आणि वैद्य

राजधानीत राहत असताना लू झाओलिन नावाचा एक नामांकित तरुण कवी सुन यांच्या सहवासात होता. शिष्यच म्हणा ना. त्याला एक असाध्य आजार जडला होता. त्याने सुन यांना वैद्यकाबद्दल खूप प्रश्न विचारले आणि सुन यांनीही भरभरून उत्तरं दिली. वैद्य निर्णय घेताना धाडसी हवा, पण हात लावताना पातळ बर्फावर चालणाऱ्यासारखा सावध हवा, हा विचार त्या संवादातलाच. पण लू बरा झाला नाही. आजार वाढतच गेला आणि शेवटी त्याने नदीत उडी घेऊन जीव दिला. औषधांच्या राजालाही आपल्या जवळच्या माणसाला वाचवता आलं नाही. त्यांच्या मंदिरातल्या मूर्तीपेक्षा ही गोष्ट मला त्यांच्या जास्त जवळ नेते.

उतारवयात त्यांनी पहिल्या ग्रंथाला जोड म्हणून तीस भागांचा दुसरा ग्रंथ लिहिला, छियानजिन यीफांग. त्यात म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीवर लिहिताना त्यांनी गाईच्या दुधाची शिफारस केली आणि मुलांनी आईवडिलांना ते नेमाने द्यावं असं सांगितलं. खाण्याबद्दलचे त्यांचे बाकीचे नियमही असेच, खर्च न वाढवणारे. कडकडून भूक लागायची वाट न बघता थोडं थोडं खा. पोट फुटेपर्यंत खाऊ नका. नीट चावा. जेवताना काळज्या बाजूला ठेवा. रात्री भरपेट जेवू नका. जेवल्यावर चूळ भरा. जेवून लगेच आडवे होऊ नका, पोटावरून हात फिरवत थोडं चाला. म्हणजे आपली शतपावलीच! यातला एकही नियम पाळायला प्रकृतीचा चार्ट लागत नाही आणि एक पैसाही लागत नाही.

६८२ साली ते गेले. जाताना त्यांनी सांगून ठेवलं होतं की अंत्यविधी साधा करा, कबरीत वस्तू ठेवू नका आणि माझ्यासाठी कुठल्या प्राण्याचा बळी देऊ नका. औषधासाठी जिवंत प्राणी मारायलाही त्यांचा विरोध होता. एक जीव वाचवायला दुसरा घेणं त्यांना पटत नसे. खाण्याच्या प्रकरणात मात्र मांसाच्या नोंदी आहेत, ही विसंगती त्यांच्या ग्रंथात तशीच आहे.

त्यांच्या मागे ग्रंथ चालत राहिला. ९८४ साली जपानमध्ये तयार झालेल्या इशिनपो या वैद्यक संग्रहात त्यातले असंख्य उतारे आहेत. १०६६ मध्ये चीनमध्ये सोंग दरबाराच्या वैद्यक विभागाने तो तपासून छापला. त्यांच्या गावाजवळचा डोंगर आज याओवांगशान, म्हणजे औषधराजाचा डोंगर, या नावाने ओळखला जातो आणि तिथल्या शिळांवर औषधांचे उपाय कोरलेले आहेत. ज्याला वाचता येतं त्याने उतरवून न्यावेत, फी नाही!

मित्रांनो, हे वाचून उद्यापासून कुणी चिनी वैद्य व्हावं असं माझं म्हणणं नाही. ताप आला, छातीत दुखलं, वजन एकदम उतरलं तर सरळ डॉक्टरकडे जा. तिथे सैन्याचीच गरज असते, आणि हे सुन यांनाही मान्य होतं. पण रोजची ॲसिडिटी, रोजची डोकेदुखी, रोजची झोपमोड यांवर केमिस्टकडून गोळी आणण्याआधी एक आठवडा वहीच्या मागच्या पानावर लिहून बघा. काय खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि नंतर काय झालं. शेजारच्याच्या ताटात काय आहे ते बघू नका, स्वतःच्या पोटाचं ऐका. एका आठवड्याची रीडिंग्ज घ्या, ग्राफ काढा. सेमिस्टरभर एवढी रीडिंग्ज घेतो, त्यांतली सात दिवसांची स्वतःसाठी घ्यायला काय हरकत आहे?

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स)